वस्तीची गाडी आणि राहिलेला शेवट

हे शटर दिसतंय ना, त्याच्या आत आता सिमेंटच्या गोणी आहेत. पूर्वी इथे थेटर होतं. दुपारी तीनचा खेळ, सुटायचा सहाला. आमच्या वाडीची वस्तीची एस.टी. मात्र सहालाच निघायची, आणि स्टँड इथून पंधरा मिनिटांवर. सिंधुदुर्गातल्या आमच्यासारख्यांचा सिनेमा कुठे संपणार, हे असं कंडक्टरच्या हातात. व्हिलन पडायच्या बेतात आला, की आते दंडाला धरायची, "ऊठ, गाडी चुकात."

छप्पर पत्र्याचं. जुलैत पाऊस धरला की पडद्यावर नुसते ओठ हलायचे. मग दुसऱ्यांदा आलेला कुणीतरी मागच्या बाकावरून संवाद ओरडून सांगायचा.

वर ऑपरेटरच्या खोलीत दोन प्रोजेक्टर. दिवा म्हणजे कार्बनच्या दोन कांड्या, टोकासमोर टोक धरून पेटवलेल्या. त्या जळून आखूड होत जातात, मधलं अंतर सांभाळावं लागतं. ऑपरेटरला डुलकी लागली की पडदा काळवंडायचा आणि खाली शिट्ट्या. २,००० फुटांचं रीळ चालतं साधारण २२ मिनिटं. संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक टिकली चमकून जायची. ती खूण, दुसरं मशीन सुरू करायची. आम्हाला वाटायचं, फिल्मला भोक पडलंय.

घरचा सिनेमा आला तो गणपतीत. चाकरमानी आले की भाड्याचा व्हीसीआर यायचा. खळ्यात खुर्चीवर टीव्ही, जागरणाला तीन कॅसेटी, समोर अख्खी वाडी. याला घर म्हणायचं की थेटर? लाईट गेली की तिथेच भजन सुरू.

आता आमच्या पडवीच्या एकाच कोपऱ्यात रेंज येते. तिथे आते मोबाईल तांब्याला टेकवून बसते. मध्येच थांबवते, भात बघून येते, पुन्हा लावते. थेटरातलं तिला काय आठवतं? ढेकूण. कौतुक सगळं माझंच.

परवा तिला एक जुना सिनेमा लावून दिला, आम्ही अर्धा टाकून पळालो होतो त्यातलाच. शेवटची पाच मिनिटं उरली असताना तिने बोट लावून थांबवला.

"अगो, आता शेवट आसा!"

"रव वायच. कोंबे कोंडून येतंय."

ती मागीलदारी गेली. व्हिलन हात उगारून तसाच तांब्याला टेकलेला.