थाळनेर : आधी कबरी, मग किल्ला

[दृश्य : तापीचं पात्र. उत्तर काठावरची मातीची दरड.]

शिरपूरहून पंधराएक किलोमीटरवर, तापीच्या उत्तर काठाला थाळनेर आहे. धुळ्याहून यायचं तर मुंबई-आग्रा महामार्गाने आधी शिरपूर, मग आतला रस्ता. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. एप्रिल-मे महिन्यांत खान्देशातलं ऊन दुपारी उभं राहू देत नाही, आणि इथे सगळं बघणं उघड्यावरच आहे.

येणारे बहुतेक जण थेट किल्ल्याकडे वळतात. आधी फारुकी सुलतानांच्या कबरी बघाव्यात, असं आम्ही आग्रहाने सांगू. त्या समजल्या की किल्ल्याच्या पडक्या भिंतींनाही अर्थ येतो.

फिरोजशहा तुघलकाने १३७० मध्ये मलिक राजाला थाळनेरचा मुलूख दिला. खान्देशच्या फारुकी घराण्याची सुरुवात ती. जागा मोक्याची होती. सुरत आणि बऱ्हाणपूर यांच्यामधली व्यापाराची वाट तापीच्या खोऱ्यातून जायची. सतराव्या शतकात ताव्हेर्निये हा फ्रेंच व्यापारी याच वाटेने गेला, आणि त्याच्या मुक्कामांच्या यादीत थाळनेर आहे.

[दृश्य : कबरींचा समूह, दुरून. मग एकेक घुमट.]

मलिक राजा १३९९ मध्ये वारला. त्याचा मुलगा नासिरखान याने असीरगड घेतला, बऱ्हाणपूर वसवलं आणि राजधानी तिकडे गेली. बऱ्हाणपूर इथून शंभराहून जास्त किलोमीटर पूर्वेला. तरीही १४३७ मध्ये नासिरखानाला मूठमाती मिळाली ती थाळनेरातच. १४४१ मध्ये मीरान आदिलखान आणि १४५७ मध्ये मीरान मुबारकखान, यांनाही इथेच आणलं. गादी हलली होती, पण घराण्याची माती थाळनेरचीच राहिली. हे मनात ठेवून या घुमटांमधून फिरा.

बांधणी बघताना नजर आधी आतल्या कोपऱ्यांकडे न्या. चौकोनी खोलीवर गोल घुमट सरळ बसत नाही, कोपरे उघडे पडतात. म्हणून चारही कोपऱ्यांत तिरप्या कमानी टाकून चौकोनाचा आधी अष्टकोन करतात, आणि त्या आठ बाजूंवर घुमटाचं वर्तुळ टेकवतात. वजन त्या कमानींवरून खाली भिंतींत उतरतं. भेगही बहुधा इथेच, कमान आणि भिंत यांच्या सांध्यात पडते. वरून झिरपणारं पाणी चुना धुऊन नेतं, फटीत पिंपळ रुजतो आणि मूळ जाड होत दगड बाजूला सारतं.

या समूहातली एक कबर मुळातच अष्टकोनी आहे. वेळ कमी असेल तर बाकीचं राहू द्या, पण तिला अर्धा तास द्याच. बाहेरचं कोरीवकाम भर दुपारी सपाट दिसतं. सूर्योदयानंतरच्या तासाभरात ऊन तिरपं येतं, नक्षीच्या कडांना सावली धरते आणि नुसत्या डोळ्यांनीही खोली कळते. पश्चिमेकडची बाजू त्याच कारणासाठी संध्याकाळी बघायची. आत विजेरी लागेल. चपला बाहेर काढायच्या, कबरीवर पाय किंवा पिशवी ठेवायची नाही, आणि अक्षरांवर खडू किंवा पाणी लावून ती उठावदार करायचा मोह टाळायचा. त्याने दगडाचा पापुद्रा सुटतो.

[दृश्य : किल्ल्याची नदीकडची बाजू.]

आता किल्ला. एका बाजूला तापी, उरलेल्या तिन्ही बाजूंना खोलगट जागा, आणि तिच्यातून सुमारे ६० फूट उंच उठणारे तट, असं एकोणिसाव्या शतकातलं वर्णन आहे. आत जायला एकामागून एक वळणावळणाचे पाच दरवाजे होते. आज त्यातलं फार थोडं उरलं आहे.

२७ फेब्रुवारी १८१८. महिदपूरच्या पराभवानंतर होळकरांनी मंदसोरच्या तहात इथला मुलूख इंग्रजांना दिला होता. इंग्रज सेनापती सर थॉमस हिस्लॉप ताबा घ्यायला आला, तेव्हा किल्ल्यातून तोफा सुटल्या. इंग्रजांनी बाहेरचे दरवाजे ओलांडले. शेवटच्या दरवाजात शरणागतीच्या अटींवरून गोंधळ झाला, आणि दिंडीतून, म्हणजे मोठ्या दरवाजातल्या छोट्या दारातून, आत शिरलेल्यांवर हत्यार चाललं. दोन इंग्रज अधिकारी पडले. त्यानंतर आतल्या जवळजवळ सगळ्या शिबंदीची कत्तल झाली, आणि किल्लेदार तुळशीराम मामा याला फाशी देण्यात आलं. तहाची खबर किल्लेदाराला होती की नाही, यावर तेव्हाच वाद पेटला. १८१९ मध्ये हिस्लॉपच्या आभाराचा ठराव ब्रिटिश संसदेत आला, तेव्हाही थाळनेरचा प्रश्न निघाला. या जागेवर उभं राहून ही हकिगत कुणी सांगितलीच पाहिजे. एवढी माणसं मारली गेली त्या ठिकाणी सहलीचा गोंगाट शोभत नाही.

किल्ल्यावर चालताना एकच काळजी, पण ती पक्की घ्या. काठ गाळाच्या मातीचा आहे. पावसाळ्यात पाणी खालून माती पोखरतं आणि वरचा थर अधांतरी राहतो. वरून तो घट्टच दिसतो. फोटोसाठी कडेला जाऊ नका, मुलांना हाताशी धरा. भिंतीच्या सुट्या दगडांवर चढू नका. पाऊस पडून गेल्यावर दोन-तीन दिवस तरी किल्ला टाळलेला बरा, काळी माती पायाखाली निसटते.

कबरी आणि किल्ला मिळून तीन तास धरा. पाणी आणि खाणं शिरपूरहूनच सोबत घ्या.

फारुकींचा पुढचा माग काढायचा असेल, तर बऱ्हाणपूर गाठावं लागेल. मुबारकखानानंतर गादीवर आलेला दुसरा आदिलखान १५०१ मध्ये वारला, आणि त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला तिथेच, राजवाड्याजवळ पुरलं.