बुलपेनमधून आलेला प्रशिक्षक

श्रोतेहो, नमस्कार. ४ जुलै १९८३ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाचा डेव्ह रिगेटी हा चोवीस वर्षांचा डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, बॉस्टन रेड सॉक्स संघाचा शेवटचा गडी टिपायला उभा होता. समोर वेड बॉग्ज, म्हणजे त्या वर्षी अमेरिकन लीगमध्ये सर्वाधिक सरासरी राखणारा फलंदाज. रिगेटीच्या स्लायडरवर, म्हणजे शेवटी बाजूला वळणाऱ्या चेंडूवर, बॉग्जची बॅट नुसतीच हवेत फिरली आणि नऊ डावांत प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट, म्हणजे यशस्वी फटका, न देता रिगेटीने सामना खिशात घातला.

अशा पिचरला संघ पहिल्या डावापासूनच चेंडू देईल, असे कोणालाही वाटेल. यांकीजनी मात्र पुढच्याच हंगामात त्याची रवानगी बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचर जिथे आपली पाळी येण्याची वाट पाहतात त्या जागी केली, कारण सामने संपवून देणारा पिचर, म्हणजे 'क्लोजर', गूज गॉसेज संघ सोडून सॅन डिएगोला गेला होता. मला हा निर्णय आजही पुरता पटत नाही. सुरुवातीच्या पिचरला दोन सामन्यांमध्ये चार दिवसांची विश्रांती मिळते. क्लोजरला रोज तयारीत राहावे लागते आणि थोडक्या आघाडीवरचा सामना दुसऱ्याच्या हातून आपल्या हाती घेऊन तो राखावा लागतो. असे राखलेले सामने 'सेव्ह' म्हणून मोजतात. १९८६ साली रिगेटीने ४६ सेव्ह नोंदवले आणि तो त्या वेळचा विक्रम ठरला.

सन २००० पासून २०१७ पर्यंत तो सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा पिचिंग प्रशिक्षक होता. या कामातले प्रेक्षकांना दिसते ते एवढेच, की प्रशिक्षक संथ पावलांनी पिचरजवळ जातो, चार शब्द बोलतो आणि परत फिरतो. त्याच डावात त्याच पिचरकडे दुसऱ्यांदा कोणी गेले, तर नियमानुसार पिचर बदलावाच लागतो. २०१२ साली, सर्वोत्तम पिचरला दिला जाणारा साय यंग पुरस्कार दोनदा मिळवलेल्या जायंट्सच्या टिम लिन्सेकमचा हंगाम पार बिघडला आणि ऑक्टोबरच्या निर्णायक सामन्यांत त्याला बुलपेनमध्ये बसवले गेले. मानी पिचरला ही पायउतार झाल्याची भावना किती बोचते, हे त्या तंबूत रिगेटीइतके कोणाला ठाऊक असणार? वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अंतिम मालिकेच्या, पहिल्या सामन्यात लिन्सेकम मधूनच आला आणि त्याने डेट्रॉइटचे पाच फलंदाज स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, केले.

दोन वर्षांनी कॅन्सस सिटीत, वर्ल्ड सिरीजच्या सातव्या आणि शेवटच्या सामन्याच्या पाचव्या डावात, अवघ्या दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर मॅडिसन बमगार्नर हा सुरुवातीचा पिचर बुलपेनमधून चालत आला, उरलेले पाचही डाव त्यानेच टाकले आणि जायंट्सनी तो सामना ३-२ असा जिंकला.