नायिकेला घर सोडायला कारण लागतं

नमस्कार मंडळी, आपल्या पिक्चरमधल्या नायिकांबद्दल थोडं बोलते, जेवणाची वेळ होत आलीय, फार ताणत नाही.

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'मधल्या तारामतीच्या रोलसाठी बाई मिळेना, शेवटी अण्णा साळुंके नावाचा पुरुष लुगडं नेसून उभा राहिला. पुढच्याच पिक्चरमध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई आल्या, म्हणजे बायका पडद्यावर आल्या लवकर, पण त्यांना तिथे काय करू द्यायचं हे अजून ठरतंय.

१९३७ चा 'कुंकू' घ्या. फसवून म्हाताऱ्या बिजवराशी लग्न लावलेली नीरा सरळ सांगते की हा नवरा मला मान्य नाही, संसार करणार नाही. केवढी हिंमत त्या काळात! पण तिची सुटका कशी होते, तर म्हातारा पश्चात्ताप होऊन जीव देतो. ती उठून निघून गेली, असं दाखवायची सोय नव्हती. गंमत म्हणजे नीरा करणाऱ्या शांता आपटे खऱ्या आयुष्यात जास्त धीट, 'कुंकू' काढणाऱ्या प्रभात फिल्म कंपनीशी वाद झाला तर १९३९ मध्ये कंपनीच्या दारातच उपोषणाला बसल्या.

मग १९८२ चा 'उंबरठा'. स्मिता पाटीलची सुलभा घर सोडते खरी, पण कशासाठी, तर महिलाश्रम चालवायला. समाजसेवा! उद्या ती नुसतं एकटं राहावंसं वाटतं म्हणून निघाली असती तर आपण टाळ्या वाजवल्या असत्या का? मला शंका आहे. हा पिक्चर पाहून झाला की घरोघरी एकच प्रश्न येतो, अहो पण तिच्या लहान मुलीचं काय? मुलगी काकूकडे रुळते ते बघून आपला जीव तुटतो, आणि वकील नवऱ्याने मधल्या काळात दुसरी बाई जवळ केली त्यावर, पुरुषच तो, चालायचंच. आश्रमातल्या बायकांचं तर नावही कोणी काढत नाही.

बायकांच्या ट्रिपवरचा २०२१ चा 'झिम्मा' मला आवडला, खूप हसले, पण तिथेही मोकळेपणा ट्रिपपुरताच, रिटर्न तिकीट आधीच काढलेलं.

कमिटीला एक विनंती आहे, पुढच्या वेळी 'उंबरठा' लावा आणि नंतरच्या चर्चेत पहिली पंधरा मिनिटं फक्त मुलीच्या बापाबद्दल बोलायचं, पुरुष मंडळींनी सुरुवात करायची. चला, जेवायला.