वणव्यानंतर लगेच झाडं लावायची घाई नको

ऑगस्ट २०२१ मध्ये ग्रीसच्या एव्हिया बेटावर वणवा लागला. बेटाच्या उत्तरेचं सुमारे ५० हजार हेक्टर रान जळालं. अशी राख पाहिली की मनात येतं, चला, झाडं लावू. पण जरा थांबा. बी तिथे आधीच पडलेलं असतं.

इथलं मुख्य झाड अलेप्पो पाइन. आगीत ते मरतं, बुंध्यातून पुन्हा फुटत नाही. पण त्याचे बरेच शंकू वर्षानुवर्षं राळेनं बंद असतात. धगीनं राळ वितळते, शंकू उघडतात आणि पंखवालं बी राखेवर उतरतं. भूमध्य प्रदेशात पाऊस हिवाळी. त्या पावसात रोपं वर येतात. म्हणूनच रोपं आल्यावर ओंडके ओढायला ट्रॅक्टर फिरवला, तर नवं जंगल आपणच चिरडतो!

खरी घाई माती वाचवायची. पहिल्या पावसाआधी जळके बुंधे उताराला आडवे, समपातळीत टाकायचे, खुंट्या ठोकून अडवायचे आणि खालची फट मातीनं बुजवायची. फट राहिली की पाणी तिथूनच घुसतं आणि घळ पडते. सोबत चराईबंदी हवीच, कारण शेळ्या कोवळे फुटवे ठेवत नाहीत.

केर्मेस ओक या काटेरी झुडपाचं मूळ आगीनंतरही जिवंत असतं. त्याला पावसाआधीच, काही आठवड्यांत फुटवे येतात. सिस्टस या झुडपाच्या बियांचं टणक कवच उष्णतेनं तडकतं आणि त्या रुजतात.

प्राण्यांचं गणित वेगळं. खोल वारुळातल्या मुंग्या वाचतात. ऑर्टोलन भारीटासारख्या पक्ष्याला उघडं रान मानवतं. हर्मनचं कासव मात्र पळू शकत नाही, आणि मादी वयात यायलाच साधारण दहा वर्षं लागतात. पाइनचा रस शोषणारी एक कीड गोड स्राव सोडते, त्यापासून मधमाश्या पाइनचा मध करतात. झाडांबरोबर ती कीडही गेली. उत्तर एव्हियाच्या मधपाळांचं हे नुकसान एका पावसानं भरून येणारं नाही, याचं फार वाईट वाटतं.

सगळ्यात मोठा धोका दुसऱ्या वणव्याचा. पंधराएक वर्षांच्या आत तीच जागा पुन्हा जळाली, तर कोवळ्या पाइनवर पुरेसं बी धरलेलं नसतं. मग तिथे झुडपंच उरतात. लागवड करायची ती अशा जागी.

बाकी ठिकाणी लागवड हवी का हे ठरवण्याआधी आपोआप आलेली रोपं मोजा, आणि तीही पहिला उन्हाळा सरल्यावर. त्या कोरड्या महिन्यांत बरीच रोपं मरतात, त्यामुळे वसंतातला आकडा फसवा असतो.