टीम बांधू नका, रोज खेळू द्या

येरवडा म्हटलं की पुणेकरांच्या डोळ्यांसमोर ते मोठं जेल येतं, पण 18 वर्षांखालच्या पोरांना कायद्यानं जेलमध्ये ठेवताच येत नाही, त्यांच्यासाठी वेगळं निरीक्षणगृह असतं. आज त्यांच्याच खेळाबद्दल बोलणारे.

मदतीला येणाऱ्यांची पहिली आयडिया ठरलेली असते. टी-शर्ट छापा, फुटबॉलची टीम करा, मॅच लावा, फोटो काढा! फोटो तर विसराच, 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 74 प्रमाणे या मुलांची ओळख उघड करता येत नाही. पण खरी गोची वेगळीच आहे. इथं पोरं चौकशी चालू असेपर्यंतच असतात, कुणाला चार दिवसांत जामीन होतो, कुणी महिनोन्महिने अडकतो, म्हणजे सोमवारी तुम्ही गोलकीपर तयार केलात आणि गुरुवारी तो घरी गेला, बरंच झालं की ते, पण टीमचं काय? त्यापेक्षा आज आलेला पोरगा आज संध्याकाळीच उतरू शकेल असा खेळ घ्या.

माझं मत खो-खोला. (पुणेरी अभिमान म्हणा हवं तर, नियम डेक्कन जिमखान्यात बसले, 1914 च्या सुमारास.) दोन खांब, चुन्याच्या रेषा, बास. आणि त्यात बघा, आठ जण बसलेले, पळणारा हाताच्या अंतरावरून जातोय, तरी खो मिळेपर्यंत उठायचं नाही, उठलात की फाउल. घरी, शाळेत, चौकीत सगळ्यांनी 'याचं डोकं गरमच' म्हणून सोडून दिलेला पोरगा इथं दम धरून बसतो, आणि त्याला कुणी लेक्चर दिलेलं नसतं. अधूनमधून शिट्टी त्यांच्याच हातात द्या. भांडणं होतील, होऊ देत.

कबड्डी जरा सांभाळून. मार खाल्लेल्या पोराला धरपकड सोसत नाही, तो नको म्हणाला तर नको. कॅरम आहे, बुद्धिबळ आहे, आणि बुद्धिबळाला हसू नका, येरवडा जेलच्या मोठ्या कैद्यांनी 2023 मध्ये फिडेची, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेची, कैद्यांसाठीची ऑनलाइन स्पर्धा जिंकलीय.

एका गोष्टीची मात्र मला चीड येते, नीट वागला तर मैदान, नाहीतर बस आत. अहो, ज्याचं डोकं फिरलंय, ज्याला रात्री झोप नाही, त्यालाच मोकळ्या हवेची जास्त गरज ना? संयुक्त राष्ट्रांच्या 1990 च्या नियमांत स्पष्ट आहे, कोठडीतल्या अल्पवयीनाला रोज मोकळेपणानं व्यायाम, हवा ठीक असेल तर उघड्यावर. तो हक्क आहे, बक्षीस नव्हे.

आता बाहेरचं. तुमच्या वस्तीत तालीम असेल, खो-खोचा क्लब असेल, तर तिथल्या सरांशी आधीच बोलून ठेवा. पोरगं आलं की केस विचारायची नाही, सुरुवातीला फी घ्यायची नाही, आणि सरावाची वेळ जरा उशिराची ठेवा कारण यातली बरीच पोरं सुटल्यावर कुठंतरी कामाला लागतात. साडेपाचला यायला त्यांना जमणार नाही. चला, प्रश्न घेऊ.