फिरती झडप मिटावी केव्हा?

मित्रहो, टू-स्ट्रोक इंजिनाला झडपा नसतात असे पाठ्यपुस्तकांतून अजूनही सरसकट लिहिले जाते, आणि त्याला माझी मनापासून हरकत आहे. ज्या इंजिनात क्रँकशाफ्टवर, म्हणजे पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य आसावर, बसवलेली खाचेची पातळ पोलादी चकती इनलेटचे, म्हणजे पेट्रोल-हवेचे मिश्रण आत येण्याच्या वाटेचे, तोंड उघडते आणि झाकते, तिथे झडप आहेच. ती फक्त वरखाली होण्याऐवजी फिरते. पिस्टनच्या कडेने उघडमीट होणारे इनलेट टॉप डेड सेंटरच्या, म्हणजे पिस्टन सर्वांत वर असतानाच्या स्थितीच्या, 70 अंश आधी उघडले, तर ते 70 अंश नंतरच मिटणार. चकतीवर असे बंधन नाही. ती 130 अंश आधी उघडून 60 अंश नंतर मिटू शकते. या मोकळीकीचाही उपयोग करून पूर्व जर्मनीतल्या एमझेड या मोटरसायकल कंपनीचे अभियंते वाल्टर काडेन यांनी 1961 साली 125 सीसीमधून 25 अश्वशक्ती काढली.

इथे एक अनुभव जरा सविस्तर सांगतो. माझ्या जुन्या दुचाकीचे इंजिन एका गॅरेजमधून जोडून आले, ते मंद गतीला अडखळू लागले आणि वरच्या गतीला मात्र मोकळे धावू लागले. कारागिराने जेट बदलले, फ्लोटची पातळी तपासली, शेवटी अख्खा कार्बोरेटर बदलला. यात दोन महिने गेले. एअर फिल्टर काढला, तर तो पेट्रोल आणि तेलाने चिंब निघाला. म्हणजे आत गेलेले मिश्रण परत बाहेर येत होते! बाजूचे झाकण उघडल्यावर दिसले की चकतीवरची ठिपक्याची खूण आसावरच्या खुणेपासून एक दाता मागे होती. आसाला 24 दाते होते; एक दाता म्हणजे 15 अंश. झडप 60 ऐवजी 75 अंशांवर मिटत होती. वरच्या गतीला इंजिन मोकळे का धावत होते, हे कारागिराने विचारले असते तर कार्बोरेटरला हातही लावावा लागला नसता.

वेळ संपत आल्याची सूचना मिळाली आहे, तेव्हा मूळ मुद्दा थोडक्यात मांडतो. पिस्टन खाली येऊ लागल्यावरही मिश्रणाचा प्रवाह स्वतःच्या वेगाने काही काळ आत येत राहतो, आणि क्रँककेसमधला, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पोकळीतला, दाब वाढून तो थांबला की त्याच क्षणी झडप मिटायला हवी. टॉप डेड सेंटरनंतरच्या 60 अंशांना मिनिटाला 3,000 फेऱ्यांच्या गतीला सुमारे 3.3 मिलिसेकंद मिळतात, 10,000 फेऱ्यांना फक्त एक. म्हणून मिटण्याचा कोन उशिरा ठेवला की वरच्या गतीला फायदा होतो आणि खालच्या गतीला मिश्रण उलटे फेकले जाते. उघडण्याचा कोन पाच अंशांनी चुकला तर इंजिन बरेचसे निभावून नेते, मिटण्याचा चुकला तर लगेच जाणवते.

एकूण उघडा काळ म्हणजे चकतीतल्या खाचेचा कोन अधिक इनलेटच्या तोंडाने व्यापलेला कोन. 190 अंश हवे असतील आणि तोंड 50 अंशांचे असेल, तर खाच 140 अंशांची. मोजण्यापूर्वी पिस्टनला अडसर लावून क्रँक दोन्ही दिशांनी तिथवर फिरवावा आणि अंशांच्या तबकडीवरील दोन नोंदींचा मध्य घ्यावा. तेच खरे टॉप डेड सेंटर. मिटणे लांबवायचे असेल, तर खाचेची फिरण्याच्या दिशेने मागची कडाच कानसावी, पुढची नाही, आणि दर वेळी चकती पुन्हा बसवून तबकडीवर कोन वाचावा.