भिंतीवरचा फ्लेक्स आणि खिशातले पाच रुपये

(दृश्य: शाळेचा व्हरांडा, भिंतीवर जुना फ्लेक्स)

निवेदन:

कराड तालुक्यातली ही जिल्हा परिषदेची शाळा. कृष्णेचा काठ, चारी बाजूनं ऊस. व्हरांड्यातला हा फ्लेक्स जरा नीट बघा. वर मोठ्या अक्षरात आरोग्य हीच संपत्ती, खाली सफरचंद, ब्रोकोली, काचेच्या ग्लासात संत्र्याचा ज्यूस आणि ट्रॅकसूट घालून पळणारं एक गोरंपान पोरगं. आता इथल्या कुणाच्या घरी ब्रोकोली येते हो? इथं मेथी येते, पोकळा येतो, शेवगा बांधावरच असतो, मटकीची उसळ तर दर आठवड्याला ठरलेली, पण यातलं काहीच चित्रात नाही, त्यामुळं पोरांच्या डोक्यात काय बसतं तर चांगलं खाणं म्हणजे शहरातल्या लोकांचं काहीतरी, आपल्या ताटातलं नाही.

आणि खाली एक सूचना आहे, जंक फूड टाळा. पोराच्या खिशात पाच रुपये आहेत, गेटसमोर दुकान आहे, मधली सुट्टी संपायला दहा मिनिटं आहेत. टाळून खायचं काय, ते फ्लेक्स सांगत नाही.

इथल्या बाईंनी मग एक साधी कसोटी लावली. कुठलाही तक्ता, कार्ड, चित्र भिंतीवर जायच्या आधी चार-पाच पोरांना दाखवायचं आणि फक्त एवढंच विचारायचं, हे बघून उद्या तू काय करशील? पोरगं म्हणालं "आरोग्याची काळजी घेईन", तर तो तक्ता परत करायचा. पोरगं म्हणालं "बाई, डबा खायच्या आधी साबण लावीन", तर चालला. ही कसोटी मला फार मोलाची वाटते, कारण आपल्याकडं शाळेचं साहित्य बहुतेक वेळा तपासणीला येणाऱ्या साहेबांसाठी बनतं, पोराला ते कळलं का हे कुणी विचारतच नाही.

(दृश्य: स्वच्छतागृहापासून नळापर्यंत फरशीवर पिवळी पावलं)

ही पावलं दिसतायत ना, ऑइलपेंटची? सहावीच्या पोरांनी काढलीत, स्वच्छतागृहाच्या दारातनं सुरू होतात ती थेट हँडवॉश स्टेशनपर्यंत, आणि नळाजवळ दोन हाताचे छाप. एक अक्षर लिहिलेलं नाही.

ही आयडिया बांगलादेशातली. तिथल्या ग्रामीण भागातल्या दोन प्राथमिक शाळांमध्ये संशोधकांनी हात धुवायची जागा करून दिली आणि मग अगदी हेच केलं, रंगवलेली वाट, पावलं, हाताचे छाप, बस. भाषण नाही, आरोग्याचा तास नाही. आधी संडासला जाऊन आल्यावर साबणानं हात धुणारी मुलं होती फक्त 4 टक्के, रंगवल्याच्या दुसऱ्या दिवशी ती 68 टक्के झाली आणि सहा आठवड्यांनी बघितलं तर 74 टक्के. 2016 मध्ये हा अभ्यास छापून आला. आता शाळा दोनच होत्या, त्यामुळं सगळीकडं असाच आकडा येईल असं मी म्हणणार नाही, पण एक गोष्ट यातनं स्पष्ट दिसते, हात धुवावेत हे त्या मुलांना आधीपासून माहीत असणारच, कमी पडत होती ती हाताशी सोय आणि त्या क्षणी, त्या जागी मिळणारी आठवण. माहिती वेगळी आणि सवय वेगळी, आणि आपण गेली कित्येक वर्षं नुसत्या माहितीचेच तक्ते छापतोय.

केरळनं 2019 मध्ये शाळांमध्ये पाण्याची घंटा सुरू केली तीसुद्धा याच जातीची. घंटा झाली की सगळ्यांनी पाणी प्यायचं. इथंही आता वाजते. मुलींसाठी तर हे फार गरजेचं आहे, कारण स्वच्छतागृह नीट नसलं की मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, घंटेच्या आधी म्हणून दाराची कडी दुरुस्त करावी लागली. कडी हेसुद्धा आरोग्याचं साहित्यच आहे की.

(दृश्य: उसाचा ट्रॅक्टर रस्त्यावरनं जातोय)

आता साखरेचं बघू. हा विषय इथं नाजूक आहे. पोराच्या वह्या, दप्तर, ताईचं लग्न, सगळं ऊसबिलावर, आणि शाळेत तक्ता लागतो साखर म्हणजे पांढरं विष. पोरानं घरी जाऊन बापाला काय सांगायचं, तुम्ही विष पिकवताय? असं साहित्य पोराला घरापासनं तोडतं, आणि एकदा तुटलं की तुमचं बाकीचंही कोण ऐकत नाही. म्हणून बाईंनी विष हा शब्दच काढून टाकला. इथं फक्त मोजायचं.

(दृश्य: मुलं रिकाम्या पुड्या आणि बाटल्या निवडतायत)

मैदानाच्या मागं पडलेल्या रिकाम्या पुड्या, बिस्किटांची पाकिटं, कोल्ड्रिंकच्या बाटल्या गोळा केल्या. लेबलं काढली, बारीक इंग्रजी अक्षरात साखर किती ते शोधलं, विज्ञानाच्या पेटीतल्या तराजूवर तेवढी साखर तोलली आणि छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत भरून एका पुठ्ठ्यावर त्या त्या पाकिटाखाली टाचली. कोला टाइप कोल्ड्रिंकात 100 मिलीला साधारण 10 ते 11 ग्रॅम साखर असते, म्हणजे 250 मिलीच्या बाटलीत 26 ग्रॅमच्या आसपास. चहाचा चमचा 4 ग्रॅमचा धरला तर सहाच्या वर चमचे. पिशवी टाचताना एक पोरगी म्हणाली, "अय्या, आमची आई चहात एकच घालती की."

मग गणिताचा तास यातच. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरनं घातलेली साखर रोजच्या कॅलरींच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवा, 5 टक्क्यांच्या आत ठेवली तर अजून चांगलं. दिवसाला 2000 कॅलरी धरा, 1 ग्रॅम साखरेत 4 कॅलरी, तर 10 टक्के म्हणजे 50 ग्रॅम, 5 टक्के म्हणजे 25 ग्रॅम. पोरांनी हे स्वतः फळ्यावर काढलं आणि एक बाटली 25 च्या पुढं गेलेली त्यांनाच दिसली, कुणाला ओरडून सांगायची गरज पडली नाही. सीबीएसईनं 2025 च्या मे महिन्यात त्यांच्या शाळांना शुगर बोर्ड, म्हणजे कशात किती साखर ते सांगणारे फलक, लावायला सांगितलंच आहे, पण माझं मत विचाराल तर छापील बोर्डापेक्षा पोरांनी हातानं तोललेला हा पुठ्ठा शंभर पटीनं भारी.

याच तालुक्यातल्या काले गावात 1919 साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली, स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद म्हणत. कराडच्या मातीत पोरांनी स्वतःचं साहित्य स्वतः बनवणं ही काय नवी गोष्ट नाही.

(दृश्य: हातात निळी गोळी, शेजारी छोटं कार्ड)

सगळ्यात छोटं आणि मला सगळ्यात आवडलेलं साहित्य हे, खिशात मावणारं कार्ड. सहावीपासनं पुढं शाळेत आठवड्याला एक निळी गोळी देतात, लोह आणि फॉलिक ॲसिडची. देशात 15 ते 19 वयाच्या मुलींमध्ये 59 टक्क्यांना रक्तक्षय आहे, हे 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आलंय, म्हणजे गोळीची गरज आहेच. पण मुली गोळी घेतात आणि मागं जाऊन टाकून देतात. का? पोस्टरवर लिहिलेलं असतं लोह शरीराला आवश्यक. मुलींना विचारलं तर त्या म्हणाल्या मळमळतं, आणि एकजण हळूच म्हणाली, शी काळी होती, मला वाटलं पोटात रक्त पडतंय.

म्हणून कार्डावर फायदे लिहिलेच नाहीत, मुलींच्या भीतीचं उत्तर लिहिलं. गोळी उपाशीपोटी घेऊ नको, खिचडी खाऊन घे, मग मळमळ कमी होते. शी काळी होते, तो लोहाचा रंग आहे, घाबरू नको. गोळीच्या आधी-नंतर तासभर चहा नको, चहामुळं लोह अंगात कमी जिरतं. लिंबू पिळलेलं चालतं, उलट चांगलंच. कार्डाची मागची बाजू आईसाठी, मोठ्या अक्षरात, कारण संध्याकाळी गोळीचा विषय घरात निघाला की शेवटचा शब्द आईचा असतो.

खेळाचं लवकर सांगतो. मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी. इथं तक्त्यावर कुठल्या परदेशी खेळाडूचा फोटो नाही, खाशाबा जाधव आहेत, इथून जवळच्या गोळेश्वरचे, 1952 ला हेलसिंकीत कुस्तीत ब्राँझ, ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. शेजारी साताऱ्याची अदिती स्वामी, 2023 ला सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती. आणि एक नियम बाईंनी कडक पाळलाय, जाडं पोरगं वाईट आणि बारीक पोरगं चांगलं असं चित्र भिंतीवर येणार नाही, कुणाचं वजन वर्गात मोठ्यानं वाचलं जाणार नाही. असल्या चित्रानं पोरं पळायला लागत नाहीत, एखाद्याला आयुष्यभराचं टोपणनाव तेवढं चिकटतं.

(दृश्य: शाळेचं गेट, समोर दुकान, रंगीत पुड्यांच्या माळा)

आता शेवटचं, हे दुकान. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमानुसार शाळेच्या गेटपासून 50 मीटरच्या आत जास्त मीठ, साखर, चरबीचे पदार्थ विकायचे नाहीत. पोरांनी दोरीनं मोजलं, दुकान 50 मीटरच्या बरंच आत आहे. पण दुकान चालवणाऱ्या काकी गावातल्याच, त्यांची नात याच शाळेत. पोरं भांडायला गेली नाहीत, यादी घेऊन गेली, पाच रुपयात काय काय ठेवता येईल, फुटाणे, भाजके शेंगदाणे, राजगिऱ्याचा लाडू, हंगामात पेरू, बोरं. काकी म्हणाल्या, "ठेवती की, पण न्हाय खपलं तर माल कोण घेणार?" प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर बारा वर्षाच्या पोरांनी द्यायचं नाही, ते ग्रामपंचायतीनं आणि पालकांनी द्यायचंय. आपण सगळं साहित्य पोरांसाठी बनवतो, किराणा मात्र मोठी माणसं भरतात.

सध्या फुटाण्याची बरणी पुढं आलीय, पुड्यांच्या माळा अजून तिथंच आहेत. पुढच्या पालक सभेत टेबलावर तोच साखरेच्या पिशव्यांचा पुठ्ठा ठेवायचं ठरलंय, काकींनाही बोलावलंय, आणि बोलणार आहेत सहावीची पोरं. विषय एकच, न खपलेल्या फुटाण्याचे पैसे पहिले दोन महिने कोण देणार.